पुढच्या रांगेतली जागा

सुरिनामच्या ऊस कापलेल्या शेतात शर्यत भरली होती. गावोगावी फिरणारा तो खेळ. जुन्या मोटारी मातीत गरगर पळायच्या, एकमेकींना धडका द्यायच्या, आणि एखादी उलटली की लोक टाळ्या पिटायचे. आज आमचे हे पहिल्यांदाच उतरणार होते. खेळाचे मालक चंद्रमोहनबाबू घाम पुसत माझ्याकडे आले.

"वहिनी, हे तबक धरा, बाळाला कडेवर घ्या आणि सगळ्यांसमोर गाडीला ओवाळा. लोकांना असलं फार आवडतं."

पुढच्या रांगेत पांढऱ्या लुगड्यातली एक तरुण बाई खाली मान घालून बसली होती.

"त्या कोण?" मी विचारलं.

"कुंती. तिनंही सूयाक गावी नवऱ्याच्या गाडीला असंच ओवाळलं होतं. त्याच शर्यतीत तिचा नवरा गाडीखाली गेला. आता प्रत्येक गावी तिला सोबत नेतो. भोंग्यावर तिचं नाव पुकारलं की तिकिटाला झुंबड उडते."

मला शिसारी आली. "लाज नाही वाटत, बाबू?"

"लाज कसली? घर चालतंय तिचं."

मी तबक खाली ठेवलं, बाळाला उराशी घट्ट धरलं आणि तडक ह्यांच्या गाडीपाशी गेले. "उतरा आधी. हा माणूस मेलेल्याचाही तमाशा करतो. चला घरी."

ह्यांनी बाळाच्या गालाला हात लावला. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

"तू कुंतीशेजारी जाऊन बस. बाबूंकडून शब्द घेतलाय मी. मला काही झालंच, तर तुलाही नेतील ते गावोगावी."