फ्लेमिंगोचं तिखट

शालिकरामनं पाण्यावरचं पीस उचलून उजेडात धरलं. पांढरंफटक. आठ महिन्यांपूर्वी नवरीसारखा गुलाबी आलेला पक्षी आता एका पायावर उभा होता, चुन्यानं सारवल्यासारखा.

उमरेड रोडवरच्या प्राणिबागेतला हा एकुलता एक फ्लेमिंगो, आणि त्याला खाऊ घालायचं काम शालिकरामचं. जनावरांच्या डॉक्टरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "याचा रंग पोटातून येतो. शेवाळ द्या, झिंगे द्या, नाहीतर अस्सल लाल मिरची द्या. पक्ष्याच्या जिभेला तिखट लागत नाही." शालिकराम रोज झिंग्यांच्या पाण्यात मूठभर भिवापुरी तिखट कालवी. डबा घरून बायको भरून देई. पक्षी मुंडकं उलटं करून चोचीची चाळणी चालवी आणि घमेलं साफ करी. तरी पांढरा तो पांढराच.

बागेचा साहेब म्हणाला, "याचा खुराक तूच घरी नेत असशील. होळीपर्यंत रंग नाही आला, तर घरी बस."

तिखट यायचं भिवापूरच्या महादेवरावकडून. शाळेपासूनचा दोस्त. तीस वर्षं दर हंगामात घरच्या मिरचीची पिशवी पाठवणारा. तरी शालिकरामच्या घरचा रस्सा कायम सपक. उमरेडला साळ्याकडे, बायकोच्या भावाकडे जेवला, की मात्र तो बोटं चाटून येई. दोस्तावर शंका कोण घेतं?

आता घेतली. पीस खिशात घालून तो भिवापूरच्या एसटीत बसला.

महादेवरावच्या अंगणात मिरच्या वाळत होत्या. त्यांच्यातून पांढरी कोंबडी गेली असती, तर लाल होऊन निघाली असती. शालिकरामनं पीस त्याच्या मांडीवर टाकलं.

"काय होय गा हे?"

"तुयी इमानदारी होय. तीस वर्षं विटकरीचा भुगा खाऊ घातला मले. माणूस फसला गा महादेव, पाखरू नाही फसलं."

महादेवरावनं मांडीवरचं पीस उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "पाणी तरी पिऊन जा गा."

शालिकराम पाणी न पिता उठला. बसमध्ये तोंड खिडकीकडे करून रडला.

घरी रुखमाबाई पक्ष्याचा डबा भरत होती. बाजारच्या स्वस्त पुडीतून. शेजारी महादेवरावची पिशवी, तोंड शिवलेली, वर तिच्या भावाचं नाव.

"हे काय करून राहिली वं?"

"अस्सल तिखट दादाकडं जाते उमरेडले. दरसालच जाते." तिनं पुडी झटकली. "पाखराले काय समजते? तुमाले तीस वर्षांपासून हेच खाऊ घालून राहिली. तुमी पडले का पांढरे?"

शालिकरामनं डोक्यावरून हात फिरवला. तिथं एकही काळा केस नव्हता.

रुखमाबाईनं पाण्याचा गिलास पुढं केला. शालिकरामला महादेवरावचं पाणी आठवलं; त्यानं गिलास तसाच खाली ठेवला.