बिनबटणांची गाडी

सुकन्या तांडेलनं आपल्या डब्याचं झाकण जरा सैल केलं आणि तो कंपनीच्या नव्या गाडीच्या समोरच्या कप्प्यात ठेवून दिला. डब्यात आईनं केलेली सुक्या बोंबलांची चटणी होती.

“बटणं म्हाताऱ्यांना लागतात,” असं म्हणत डिझाइन विभागाच्या गुप्तेसाहेबांनी या गाडीतलं एकूण एक बटण काढून टाकलं होतं. काचा, पंखा, कप्पा, सगळं स्क्रीनवर. निदान काचांना तरी बटणं ठेवा म्हणून सुकन्यानं प्रत्येक मीटिंगमध्ये घसा कोरडा केला. साहेब नुसते हसत.

भर दुपारी चेअरमन गाडी चालवून बघायला बसले, शेजारी गुप्ते. कारखान्याभोवतीची फेरी पुरी व्हायच्या आतच गाडी परतली. चेअरमन नाकाला रुमाल लावून उतरले.

“गाडी चालवू की स्क्रीनवर काच शोधत बसू? बटणं लावा, गुप्ते.”

“वास कुठून येतोय तेच कळेना,” गुप्ते पुटपुटले. “कप्पा उघडून बघावा, तर तोही स्क्रीनवर सापडेना.”

सुकन्या आत वाकली. स्क्रीनवर बरंच इकडेतिकडे केल्यावर कप्पा उघडला.

“अगंबाई, माझा डबा,” ती म्हणाली. “बटण असतं, तर तुम्हाला लगेच सापडला असता, सर.”