काळ्या रेघेखाली

भुजंगरावांनी जाड काळा पेन घेतला आणि भित्तिपत्रकातली एक ओळ अशी खोडली, अशी खोडली, की कागद फाटायचाच काय तो राहिला. शाळा समितीचे अध्यक्ष ते. शाळेच्या अब्रूचे राखणदार.

"बदनामी चालणार न्हाई, मॅडम," ते म्हणाले आणि पेन मॅडमच्या टेबलावर टाकून निघून गेले.

ओळ लिहिणारी सातवीतली दीपमाला रडवेली झाली. "मॅडम, लिहायचा-वाचायचा हक्क असतो म्हणून परवाच शिकवलं ना तुम्ही?"

"शिकवलं की," दैवशाला मॅडम म्हणाल्या. "आता त्याचं प्रात्यक्षिक. जसं आहे तसंच फाटकाला लाव."

एरवी त्या भित्तिपत्रकाकडं चिटपाखरू फिरकत नसे. त्या दिवशी मात्र जो तो गाडी थांबवून उभा. कविता न् सुविचार गेले उडत, सगळ्यांचे डोळे काळ्या रेघेवर. दुपारपर्यंत हरिओमच्या हॉटेलात त्या रेघेखालून खिचडीच्या तांदळाची पोती निघाली, नव्या खोलीचं सिमेंट निघालं. चहाचा दुसरा कप येईस्तोवर भुजंगरावांचा जालन्यात बंगलाही बांधून झाला.

संध्याकाळी भाकर वाढता वाढता उषाबाईंनी नवऱ्याला विचारलं, "काय लिहिल्तं हो तुमच्याबद्दल?"

"काही न्हाई. शाळेच्या टाकीला झाकण न्हाई, एवढंच. दिवाळीपासून बसवतो म्हणून राह्यलो मी."

"एवढ्याशासाठी कोणी काळं फासतं का?" उषाबाईंनी ताट जरा जोरातच ठेवलं. "मला तरी खरं सांगा."

आता आली का पंचाईत! लग्नाची बायको विश्वास ठेवीना, तिथं गाव कसला ठेवतो?

सकाळी भुजंगराव फाटकाशी हजर. "दीपमाला, लिहून टाक बाई ती ओळ परत. जल्दी."

"मी एकदा लिहिल्ती, आप्पा. खोडली तुम्ही. मंग तुम्हीच लिहा."

मॅडमनी हसू दाबत काळ्या रेघेखाली कोरा कागद चिकटवला. मागं निम्मं गाव जमलेलं. भुजंगरावांनी खिशातला पेन काढून ठळक अक्षरांत लिहिलं: 'शाळेच्या पाण्याच्या टाकीला झाकण नाही.'

"एवढंच व्हय?" गर्दीतून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. भुजंगरावही हसले. कालपासून पहिल्यांदा त्यांना मोकळा श्वास घेता आला. त्या भरात त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहून टाकली: 'शनिवारपर्यंत बसवतो. भुजंगराव.'

दीपमालानं त्या ओळीवर बोट ठेवलं. "आप्पा, ही आमची न्हाई."

भुजंगरावांनी मागं वळून पाहिलं. निम्मं गाव वाचून राह्यलं होतं.

मॅडमनी कालचा तोच जाड काळा पेन त्यांच्यापुढं धरला.

"खोडायची का?"