मार्लिसचा नवा पत्ता

"फुकटातलं नको," मार्लिस म्हणाली. "फुकटवाले कधी दार लावून घेतील, काही नेम नाही. आताच बघ ना, यांनी काय केलं!"

'यांनी' म्हणजे केबल कंपनीनं. इतकी वर्षं इंटरनेटबरोबर दिलेली मेलची सोय शुक्रवारपासून बंद, असं त्यांनी दोन ओळींत कळवलं होतं. वर आभारही मानले होते, मेल्यांनी!

शेजारची वेर्ना हसली. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून तळ्याकाठच्या अर्ध्या म्हाताऱ्यांचे कॉम्प्युटर तीच सांभाळायची. "अगं, सगळं जग फोनवर मेल वाचतं. तूच एक त्या टेबलावरच्या डबड्याला चिकटून बसलीयस."

"त्या डबड्यात माझा टोबिन आहे," मार्लिस म्हणाली.

वेर्नानं त्या डबड्यापुढे खुर्ची ओढली.

टोबिन हा मार्लिस आणि ड्वेनचा एकुलता एक मुलगा. दोन हिवाळ्यांपूर्वी बापलेक गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेले, आणि ड्वेन एकटाच परत आला. तिथं बर्फावर उभारलेल्या खोपटात दोघांचं कडाक्याचं वाजलं म्हणे. पोरगा हायवेला लागला, कुठल्याशा ट्रकला हात केला आणि निघून गेला. मार्लिसनं अंथरूण धरलं. काही आठवड्यांनी मेल आली, कुठल्यातरी नव्याच पत्त्यावरून. अलास्कात मासळीच्या बोटीवर आहे, बरा आहे, इथं फोन लागत नाही, शोधू नका. तेव्हापासून अधूनमधून चार ओळी यायच्या. तेवढ्यावर ती बाई जगत होती, हे साऱ्या तळ्याकाठाला ठाऊक होतं.

आता जुना पत्ता बंद झाला की पोराची मेल परत जाणार. मुळात डोक्यात राख घालून गेलेला. आईनंही दार लावलं असं त्याला वाटलं, तर संपलंच सगळं.

वेर्नानं तीन कंपन्या पाहिल्या. एक फुकट होती, पण मार्लिसच्या कॉम्प्युटरवरच्या मेलच्या जुन्या प्रोग्रॅमशी तिचं जमत नव्हतं. मेल वाचायची तर त्यांच्याच जाहिराती बघत. दुसरी महिन्यामागून महिना पैसे उकळणारी. तिसरी लहानशी, वर्षाचे वीस डॉलर, आणि जुन्या प्रोग्रॅममध्ये बिनतक्रार चालणारी.

ड्वेन कॉफीचा मग घेऊन दारात उभा होता. धिप्पाड आणि अबोल गडी. "एवढा आटापिटा कशाला? लिहायचं तर लिहील, नाहीतर नाही."

मार्लिसचा चेहरा पडला. तो पुढे आला, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं बाई, घे तिसरी. वीस डॉलरनं काही आपण भिकेला लागत नाही."

असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं मार्लिसला वाटलं.

वेर्नानं नवा पत्ता प्रोग्रॅममध्ये बसवला आणि आपल्या फोनवरून त्यावर एक मेल टाकली. टिंग! आली. दोघींनी टाळ्या पिटल्या. "चला, झालं," वेर्ना कोट चढवत म्हणाली. "माझं बटाट्याचं हॉटडिश ओव्हनमध्ये आहे, कोळसा होईल त्याचा." आणि ती घाईघाईनं गेली.

मार्लिसनं लगेच लिहायला घेतलं. ड्वेन खुर्चीमागे उभा राहून वाचत होता.

'टोबिन, हा माझा नवा पत्ता. जुन्यावर आता लिहू नकोस रे.' ती थांबली. मग लिहिता लिहिताच सुचलं म्हणून पुढे लिहिलं, 'तुझ्यासाठी करड्या लोकरीची कानटोपी विणायला घेते. एकदा तरी ये.'

"पाठव आता," ड्वेन म्हणाला. तिनं बटण दाबलं. पाठोपाठ वेर्नाला आभाराच्या दोन ओळी धाडल्या.

दुसरा दिवस उजाडला तो वैऱ्याचा. सकाळपासून ती त्या पडद्यासमोर बसून. घास उतरेना. बाहेर तळ्यावरचं बर्फ मधूनच कडकडायचं आणि तिचा जीव उडायचा.

"येईल गं," ड्वेन म्हणाला. तिच्याकडे बघवेना तसा तो गॅरेजकडे निघून गेला.

दुपारी टिंग झालं.

'आई, नवा पत्ता मिळाला. आता इथंच लिहीन. टोपी कर, पण कानांवर घट्ट नको. बाबांवर रागावू नकोस.'

मार्लिस हसली, रडली, तशीच सपाता फरफटत गॅरेजमध्ये धावली आणि ड्वेनच्या तेलकट जाकिटाला मिठी मारली. "आलं रे! पत्र आलं!"

"म्हटलं नव्हतं?" तो म्हणाला. हातातला पाना त्यानं खाली ठेवला नाही.

घरात येऊन तिनं वेर्नाला फोन लावला. "अगं, तुझी वीस डॉलरवाली पावली मला! टोबिनचं उत्तर आलं."

"छान झालं! पण मला नाही टाकलीस नव्या पत्त्यावरून एखादी मेल."

"टाकली की! काल, त्याच्या पाठोपाठ."

"मला तर काहीच नाही आलं. थांब हं... अरे देवा! चूक माझीच गं. येणाऱ्या मेलची जोडणी मी केली, जाणाऱ्या मेलची वेगळी करावी लागते. ती राहिलीच, त्या मेल्या हॉटडिशच्या नादात. डावीकडे आउटबॉक्स दिसतंय? दाब बघू."

मार्लिसनं दाबलं.

"काय आहे त्यात?"

"दोन पत्रं," मार्लिस म्हणाली. "वरचं तुला लिहिलेलं. खालचं टोबिनला."

"दोन्ही अडकली म्हणजे. कालपासून तुझी एकही मेल बाहेर पडलेली नाही, मार्लिस. मग टोबिनला नवा पत्ता कळला कसा?"

गॅरेजचं दार वाजलं. ड्वेननं उंबऱ्यावर बूट झटकले, आत आला आणि मऊ आवाजात म्हणाला, "काय म्हणतोय गं आपला पोरगा?"