कळसाच्या वर

कळी पडत नव्हती.

गोमाजीने जास्वंदीच्या दोन कळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या होत्या आणि गाऱ्हाणं घातलं होतं, "आई, तुझ्या कळसाच्या वर कुणी मजला चढवावा का?" उजवी कळी पडली तर हो. डावी पडली तर नाही. दोन्ही कळ्या खांदा सोडायला तयार नव्हत्या.

मांदेलीपाड्यातली झाडून सगळी माणसं देवळाबाहेर उभी होती. कुणी खोकतसुद्धा नव्हतं. सगळ्यांत पुढे बिल्डर गुरुदत्तशेठ, बूट काढून, नुसत्या मोज्यांवर. डोंबिवलीच्या खाडीकाठी त्याने बऱ्याच इमारती उठवल्या होत्या. त्यांना माणसं आडवी आली होती, पण माणसांची सोय लावता येते. देव आडवा येण्याची ही पहिलीच वेळ.

पाड्याला उंचीच्या दोन मर्यादा होत्या. एक सरकारी, चार मजल्यांची. चाराचे सात होऊ शकतात, साहेब समजूतदार आहेत, असं शेठ म्हणाला होता. दुसरी मर्यादा गावदेवीची. तिच्या कळसाच्या वर पाड्यात कुणी वीट चढवायची नाही. ही मर्यादा कुठे लिहिलेली नव्हती, त्यामुळे तिच्यात दुरुस्तीही करता येत नव्हती. आणि देऊळ तर बुटकं. तेवढ्या उंचीत दुकानांची एक रांग कशीबशी मावली असती. कॉम्प्लेक्स कुठलं मावतंय?

बाकी पाड्याने केव्हाच होकार दिला होता. खाली बाजार, वर ऑफिसं आणि जागेच्या बदल्यात प्रत्येक घराला एक गाळा. एकटा गोमाजी अडून बसला होता. देवीची पूजा त्याच्याच घराकडे. देवळामागे त्याचं कौलारू घर होतं आणि जाळी वाळवायचं अंगण. अंगण गेलं की जाळी गेली, जाळी गेली की होडी गेली, आणि होडी गेल्यावर गोमाजीने सकाळी उठून करायचं काय, हे शेठच्या नकाशात दाखवलेलं नव्हतं.

"कौल लावू," शेवटी तोच म्हणाला होता. "आई बोलंल ते मला मान्य."

देवीचा कौल पाड्यात कुणी मोडत नाही. बोलताना गोमाजीला फार शूर वाटलं होतं. घरी गेल्यावर मात्र शंका आली. आई बोलेल ते मान्य, हे ठीक; पण आई बोलणार काय?

मुलगा मोरू तर गाळ्यात एस.टी.डी. बूथ टाकून मोकळा झाला होता. मनातल्या मनात.

"बा, सातव्या माळ्यावरनं खाडी दिसंल," तो म्हणायचा.

"मंग आता काय दिसत नाय?"

"आता घरात येते."

ते खोटं नव्हतं. आजूबाजूच्या इमारतींनी भराव घालून आपापली जमीन उंच करून घेतली होती. उधाणाच्या भरतीला पाणी बिचारं उरलेल्या सखल जागी येई, म्हणजे पाड्यात. देवळातही येई. तेव्हा गोमाजी समई उचलून स्टुलावर ठेवी. देवीला स्टूल नव्हतं.

"आई, बोल गो," गोमाजीची बायको आवडाबाई पुटपुटली. ती नवऱ्याच्या बाजूने विनवत होती की मुलाच्या, ते देवीलाच ठाऊक.

उजवी कळी किंचित कलली. गोमाजीने डोळे गच्च मिटले. मागून बायकांचा "अगं बाय" ऐकू आला तेव्हाच त्याने ते उघडले. देवीच्या पायाशी कळी पडली होती.

डावी.

गोमाजी मटकन खालीच बसला. सुटलो! मोरूने कपाळावर हात मारला. पाडा शेठकडे बघू लागला. शेठने उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि तो शांतपणे म्हणाला, "आईच्या शब्दाबाहेर मी नाही. कळसाच्या वर एक वीट चढणार नाही."

गोमाजीला भरून आलं. माणूस वाटला होता तेवढा वाईट नव्हता. "शेठ, चा घेतल्याबिगर जायाचं नाय."

"घेतो की. कळस तेवढा वर न्यायला लागेल."

"कुठं वर?"

"गच्चीवर. सात मजले आपले, त्यांच्या वर आई. आता सांगा, कळसाच्या वर कोण राहिलं? संगमरवरी गाभारा देतो, लिफ्ट देतो. आणि आई डोक्यावर असताना खालचे मजले पाडायला हातोडा घेऊन कोण येतं, तेही बघू."

पाड्याने कळसाकडे पाहिलं. मग एक मान डोलली, तिच्या शेजारची डोलली, आणि डोलणं मागच्या रांगेपर्यंत पोचलं. आवडाबाईने मान डोलावली नाही, पण पदराआड तोंड लपवलं.

गोमाजी भिंतीला धरून उठला. "आईला इचारल्याबिगर नाय," तो म्हणाला. "सात पिढ्या ती हितं बसली हाय. जागची हलायची नाय ती. लिहून घ्या."

"विचारा," शेठ म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा उतरला.

गोमाजीने दोन ताज्या कळ्या भिजवल्या आणि खांद्यांवर दाबून बसवल्या. जरा जास्तच दाबून. मघाचा अनुभव असल्यामुळे म्हाताऱ्यांनी आपापली जागा बघून बसून घेतलं. कुणीतरी तंबाखू मळायला काढली. गोमाजीने हात जोडले.

"आई, तुला वर..."

उजवी कळी पडली.