राहिलेलं वाक्य

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा तो स्टुडिओत तिचीच वाट पाहत होता. मिसरूडही न फुटलेल्या पोराने बापाची गाडी तिच्यावर घातली होती. मालिकांतल्या लहान मुलांना ती आवाज द्यायची, तो रेकॉर्ड करायचा. महिन्याने तो कामावर परतला. दारातच त्या पोराचा बाप आडवा आला. "साहेब, पोराला माफी मागायचीय. एकदा ऐकून घ्या." तो त्याला ओलांडून आत गेला. गुन्हेगारी मालिकेतला तिचा अर्धवट राहिलेला भाग त्याने लावला. पोलिसांसमोर बसलेला पोरगा तिच्या आवाजात म्हणाला, "गाडी मीच चालवली. काकू ओरडल्यासुद्धा नाहीत." मग पडद्यावर पोराचे नुसतेच ओठ हलले, आवाज नव्हता. "'मला माफ करा' एवढं वाक्य दुसऱ्या कुणाकडून घेऊ, दादा?" शेजारी बसलेल्या दिग्दर्शकाने हळूच विचारलं. "थांब," तो म्हणाला. दोन्ही पोरांचं वाक्य अजून राहिलंय.