घोड्याला विचारा

"अकरा निघाले," कोर्टाच्या काउंटरमागून डार्ला म्हणाली. "अकरा ॲबनर ट्रॉयर. त्यातला तुमचा कुठला?"

लोविनाला हसू फुटलं. भीती वाटली की तिला हसूच येतं, त्याला ती तरी काय करणार!

"बाबा, अकरा," ती म्हणाली.

"ऐकलं मी."

बाबा, म्हणजे एडन रेबर, काउंटरकडे पाठ करून उभे होते. काळी टोपी डोक्यावर, दाढी छातीवर, नजर समोरच्या भिंतीवर. त्यांच्यासारख्या आमिश, म्हणजे वीज-मोटार वर्ज्य मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या माणसाने कॉम्प्युटरकडे बघायचं नाही. पण ऐकायला कुणाची बंदी नव्हती, आणि बाबांचा सगळा जीव कानांत गोळा झाला होता.

येत्या रविवारी प्रार्थनेनंतर लोविनाचं ॲबनरशी लग्न जाहीर व्हायचं होतं. परसात लग्नाच्या जेवणात लागणारी सेलरीची भाजी गुडघाभर वाढली होती. आणि काल मालिंडा आत्या ॲपल पाय भाजून घेऊन आली, पहिला तुकडा सगळ्यांच्या तोंडात जाईपर्यंत थांबली आणि म्हणाली, त्या ॲबनर ट्रॉयरला दारू पिऊन बग्गी हाकताना पोलिसांनी धरलं होतं म्हणे, केसही झाली. बाबांनी काटा खाली ठेवला. "खरं निघालं तर लग्न नाही," एवढंच म्हणाले, आणि सकाळी उठून घोडा जुंपला. कोर्टाचे असले कागद कुणालाही बघता येतात. त्याला वकील लागत नाही की वशिला.

अडचण नावांची होती. या काउंटीत डोळे मिटून दगड मारला तरी तो ट्रॉयरलाच लागतो, आणि त्यातले निम्मे ॲबनर.

"आमचा तो शिट्टीवाला ॲबनर," लोविना म्हणाली.

"कॉम्प्युटरला शिट्टी कळत नाही गं पोरी. मधलं अक्षर सांग."

मधलं अक्षर सोपं होतं. त्यांच्यात ते आईच्या माहेरच्या आडनावाचं असतं. "के," लोविना म्हणाली. "त्याची आई काइमांची."

डार्लाचं बोट पडद्यावरून खाली सरकत गेलं. तीन एम, तीन बी, चार वाय. प्रत्येक अक्षराला लोविनाचं हसू ओठांपर्यंत येऊन परत जात होतं.

"के एकच आहे. जन्म अठ्ठावीस मार्च?"

"हो," लोविना म्हणाली, आणि ते उगाच कबूल केलं असं तिला वाटलं.

"मग हाच. दारू पिऊन वाहन चालवणे. वाहन, बग्गी. गुन्हा कबूल."

आता मात्र हसू पार पळालं.

"चल," बाबा म्हणाले आणि दाराकडे निघाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. लोविनाने दोन्ही हातांनी काउंटर धरला. दीड महिन्यावर आलेलं लग्न असं एका ओळीत बुडायला ती तयार नव्हती.

"ताई, पुढचंही वाचा ना. मोठ्याने वाचा."

डार्लाने चष्मा सारखा केला आणि पोलिसाचा जबाब वाचायला घेतला. "'आरोपी हातात लगाम धरून झोपलेला आढळला. बग्गी एका फाटकासमोर उभी होती. मी घोड्याचं तोंड आरोपीच्या घराच्या दिशेला वळवलं. थोडं चालून घोडा मागे फिरला आणि त्याच फाटकाशी येऊन उभा राहिला. असं तीन वेळा झालं. शेवटी आरोपीला जागं करून, कुठे जायचंय, असं विचारलं. आरोपीचं उत्तर: घोड्याला विचारा.'" एवढं वाचून डार्लाच फिसकन हसली आणि बाबांच्या पाठीकडे बघून तिने चष्मा पुन्हा सारखा केला.

"कुणाचं फाटक?" लोविनाने विचारलं.

"नाव नाही, पत्ता आहे. टाउनशिप रस्ता तीनशे दहा. चव्वेचाळीस सतरा."

चव्वेचाळीस सतरा म्हणजे त्यांचंच घर. फाटकापासून चांगलं पाव मैल आत, झाडांआड. आणि ॲबनर राहतो काउंटीच्या दुसऱ्या टोकाला, बारा मैलांवर.

"कधीचं आहे हे?"

"तीन वर्षं झाली. जून महिना."

तीन वर्षांपूर्वी ॲबनर नावाचा प्राणी जगात आहे हेही तिला माहीत नव्हतं. तो पहिल्यांदा तिच्याशी बोलला तो गेल्या वर्षी, रविवारच्या गाण्यांच्या बैठकीत, कानापर्यंत लाल होऊन, आणि बोलला तेही हवेबद्दल. तिला वाटलं होतं, त्याने आपल्याला त्याच दिवशी पाहिलं. आणि हा तर त्याच्या कितीतरी आधीपासून तिच्या फाटकाशी येत होता! हसू पुन्हा उसळून आलं आणि या वेळी ते भीतीचं नव्हतं.

"बाबा," ती त्या पाठीला म्हणाली, "घोड्याला एखादं फाटक पाठ व्हायला किती दिवस लागतात?"

बाबा दाराची मूठ धरून उभे होते. घोड्यांबद्दल त्यांना कुणी काही विचारलं आणि त्यांनी उत्तर दिलं नाही असं कधी झालं नव्हतं. आज मात्र त्यांनी दाराची मूठ सोडली. ते वळले, सरळ काउंटरपाशी आले आणि त्या पडद्याकडे तोंड करून उभे राहिले.

"याच्या आधी काही? नंतर काही?"

"काही नाही काका. त्याच्या नावावर एवढंच."

बाबांची दाढी थरथरायला लागली. हा संताप आहे असं वाटून लोविनाने पुन्हा काउंटर धरला.

"त्या वर्षी अख्खा उन्हाळा," बाबा हसू दाबत म्हणाले, "रोज सकाळी आपल्या फाटकापुढची लीद मी उचलत होतो, आणि मनातल्या मनात शिव्या देत होतो शेजारच्या एनॉसला! रविवारी जाहीर करू. जावई कसा निघतो ते पुढे बघता येईल, पण तो घोडा आपल्या घरात आलाच पाहिजे."